दोन गाड्या, चौदा कॉलम आणि आठ कोअर

फोनवर पहिलंच वाक्य होतं, "सर, कोअर फेल गेलेत, कॉलम तोडायचे का?" (कोअर म्हणजे ताकद तपासायला कडक झालेल्या काँक्रीटमधून ड्रिलने कापून काढलेला गोल तुकडा.) मी जेवत होतो. म्हटलं आधी मला रिपोर्ट पाठवा, आणि तोपर्यंत ब्रेकरवाल्याला साइटच्या आत घेऊ नका.

पुण्याच्या बाहेरची साइट, पार्किंग अधिक सात मजले. पार्किंगच्या लेव्हलला १४ कॉलम, सगळे ३०० बाय ७५०, ग्रेड एम ३० (म्हणजे २८ दिवसांना चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद, पुढचे ताकदीचे आकडे याच मापात), सगळे एकाच दिवशी भरलेले. माझा या बिल्डिंगशी तोपर्यंत काही संबंध नव्हता, डिझाइन दुसऱ्या कन्सल्टंटचं, मला थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरचा तटस्थ स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून बोलावलं कारण बिल्डर, कॉन्ट्रॅक्टर आणि आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट गाडीने पुरवणारा) हे तिघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. कोणाचीच नावं लिहीत नाही. प्रकरण मिटलंय आणि खरं सांगायचं तर नावं काढली तरी यातून जे कळतं त्यात काही फरक पडत नाही.

झालं काय होतं, त्या दिवशीच्या काँक्रीटचे क्यूबचे (साच्यात भरून नंतर मशीनवर तोडून बघायचे ठोकळे) दोन सॅम्पल घेतले होते, प्रत्येकी सहा क्यूब. एक कॉलम ०.३ गुणिले ०.७५ गुणिले उंची २.८५ मीटर, म्हणजे ०.६४ घनमीटर, चौदाचे मिळून ९ घनमीटर. काँक्रीटच्या भारतीय कोडाप्रमाणे (आयएस ४५६) ६ ते १५ घनमीटरला दोन सॅम्पल लागतात, तेवढे होते. पहिल्या सॅम्पलची २८ दिवसांची सरासरी ३४.६. दुसऱ्याची २३.३. एम ३० ला कुठल्याही एका सॅम्पलचा रिझल्ट २७ च्या खाली चालत नाही, त्यामुळे दुसरं सॅम्पल सरळ नापास. आणि गंमत म्हणजे याच सॅम्पलचा ७ दिवसांचा आकडा १४.१ होता. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद यायला पाहिजे, म्हणजे २० च्या आसपास. त्याच दिवशी घंटा वाजायला हवी होती पण साइटवर एक लाडकं वाक्य आहे, "२८ ला येईल". ते म्हणत म्हणत वरचे दोन स्लॅब भरून झाले, तिसऱ्याचं शटरिंग लागलं, आणि मग २८ चा रिपोर्ट आला.

मग कॉन्ट्रॅक्टरने घाईघाईने एक कोअर कटिंगवाला आणला आणि तीन कोअर काढले. रिझल्ट १७.९, २४.६ आणि २०.३. यावरूनच मला तो फोन.

हे तीन कोअर मी बाजूला ठेवले, पण ते कमी आले म्हणून नाही, हेच कोअर ३५ आले असते तरी बाजूलाच ठेवले असते. एकतर लॅबने फोटो काढून ठेवले होते (देव त्यांचं भलं करो) त्यात १७.९ वाल्या कोअरमध्ये ८ एमएमची रिंग (उभ्या सळ्यांना बांधणारी आडवी सळई) तिरकी कापलेली स्पष्ट दिसत होती. दुसरा बीमच्या तळापासून जेमतेम १०० एमएम खाली मारलेला. आणि तिन्ही कोअरचा अंग असा लहरी लहरी, पावसाळ्यातल्या पत्र्यासारखा, म्हणजे मशीन नीट फिक्स केलेलं नव्हतं, माणसाने खांद्याने दाबून धरलं होतं. लांबी फक्त ९० एमएम, व्यास ७४. आणि रिपोर्टात जो आकडा छापला तो नुसता लोड भागिले एरिया, ना लांबीचं करेक्शन ना क्यूबमध्ये बदललेला. म्हणजे सगळे जण सिलेंडरचा आकडा एम ३० शी लावून बघत होते आणि घाबरत होते. २४.६ चं गणित मी पाटीवर पूर्ण केलं तर २८.१ येतं. २८.१ म्हणजे पास. तो कोअर ज्या कॉलमचा होता तो पुढे चांगलाच निघाला.

इथे जरा थांबतो कारण हा गोंधळ मी दर दोन-तीन महिन्यांनी बघतो. क्यूब म्हणजे साच्यात नीट कुटून भरलेलं, २७ डिग्रीच्या टाकीत महिनाभर पोहत पडलेलं लाडावलेलं काँक्रीट. कॉलममधलं काँक्रीट उन्हात उभं असतं, त्याला गोणपाट बांधलं तर बांधलं, व्हायब्रेटर पोचला तर पोचला, आणि वर त्याला ड्रिलने कापून काढायचं, त्यात कडेची खडी सुद्धा हलते. म्हणून आयएस ४५६:२००० मध्ये सरळ लिहिलंय की कोअर कमीत कमी तीन घ्या, त्यांची क्यूबमध्ये बदललेली सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल तर ते काँक्रीट मान्य. एम ३० साठी म्हणजे सरासरी २५.५ आणि एकेकटा २२.५. कोअर ३० आलाच पाहिजे असा हट्ट धरणारे बिल्डर भेटतात, त्यांना हे समजावता समजावता चहा थंड होतो.

तर नव्याने सुरुवात. आणि सुरुवात ड्रिलने करायची नसते, आधी शोधायचं असतं की खराब माल नक्की कुठे गेलाय. क्यूबवरून अंदाज असा की दोन गाड्या आल्या, पहिली ६ घनमीटरची चांगली, दुसरी ३ ची खराब. पण कुठली गाडी कुठल्या कॉलमला? पोअर रजिस्टर उघडलं तर त्यात तारीख, "कॉलम १४ नग" आणि एक सही. संपलं. गाडी नंबर नाही, क्रम नाही.

मग मी साइटच्या पोराला विचारलं, "दादा, त्या दिवशीचे फोटो आहेत का मोबाइलमध्ये?" होते. सुपरवायझर लोक ग्रुपवर फोटो टाकायचं काम रजिस्टर भरण्यापेक्षा शंभरपट मन लावून करतात. सतरा फोटो, प्रत्येकावर वेळ. त्यावरून भरण्याचा क्रम बऱ्यापैकी लागला, आणि एका फोटोत जे दिसलं ते बघून मी तो फोटो तिघांना न दाखवता आधी स्वतःकडे सेव्ह केला. दुसऱ्या गाडीच्या मागच्या हॉपरमध्ये हिरवा पाण्याचा पाइप घातलेला.

चलान मागवलं. बॅचिंगची वेळ ११:२०, साइटवर पोचली १२:३५, आणि रिकामी व्हायला लागली २:१०, कारण मधे क्रेनच्या बकेटचं दार अडकलं होतं. संपली २:४५. आरएमसीचा कोड आयएस ४९२६ म्हणतो की माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी, रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून टाकायचं रसायन) टाकून वेळ वाढवलेली असेल तर गोष्ट वेगळी. इथे साडेतीन तास होत आलेले, उन्हाळ्याची दुपार, माल बसलेला, बकेटमधून पडेना, मग कोणीतरी म्हणालं "थोडं पाणी मार". किती मारलं ते कोणालाच आठवत नाही. समजा १०० लिटर. ३ घनमीटरमध्ये त्यांच्या मिक्सप्रमाणे सिमेंट ११४० किलो, पाणी ५१३ लिटर, रेशो ०.४५. त्यात १०० टाकलं की ०.५४. एवढ्यावर एम ३० चा एम २०-२५ व्हायला वेगळ्या पापाची गरज नाही. प्लांटवाले छातीठोकपणे सांगत होते की आमच्याकडचे क्यूब ३७ आलेत, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांचे क्यूब पाणी पडायच्या आधीचे.

पण फोटो म्हणजे पुरावा नाही, कॉलमलाच विचारायला पाहिजे. आधी रिबाउंड हॅमर फिरवला, तो पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते मोजतो. चौदाही कॉलममध्ये आकडा ३२ ते ३८ च्या दरम्यान, काही वेगळं कळेना. हॅमर फक्त कातडी बघतो, प्लायच्या शटरिंगने पृष्ठभाग सगळीकडे गुळगुळीत, आणि हॅमरवरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे तिकडे होतंच असं कोडच सांगतो. पुढे गेलो.

अल्ट्रासॉनिकने मात्र काम केलं, म्हणजे आवाज काँक्रीटच्या आरपार जायला किती वेळ घेतो ते मोजणं; उशीर जास्त तर काँक्रीट कमजोर. ३०० एमएमच्या आरपार, समोरासमोर प्रोब, ग्रीस लावून, सळ्यांपासून बाजूला, प्रत्येक कॉलमला तीन उंचींवर: अर्धा मीटर, १.४ मीटर, अडीच मीटर. नऊ कॉलममध्ये आवाज आरपार जायला ६८ ते ७२ मायक्रोसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ४.२ ते ४.४ किलोमीटर. सी ३, सी ४, सी ८ आणि सी १२ या चार कॉलममध्ये ८२ ते ८५, म्हणजे वेग साडेतीनच्या जरा वर. आता गंमत बघा, लॅबने रिपोर्टला जे १९९२ चं जुनं कोष्टक जोडलं होतं त्यात ३.५ ते ४.५ ला "गुड" म्हटलंय. म्हणजे त्या कोष्टकावर विसंबलं असतं तर चौदाच्या चौदा कॉलम गुड! आकडा कुठल्या खान्यात पडतो त्यापेक्षा शेजारच्यापेक्षा किती वेगळा आहे ते बघायचं असतं, एकाच दिवशी एकाच ग्रेडचे भाऊ भाऊ उभे आहेत आणि त्यातल्या चौघांत आवाज १२ मायक्रोसेकंद उशिरा पोचतोय, ही बातमी आहे.

राहिला चौदावा, सी ७. त्याच्यात खाली ७०, मधे ८३, वर ८५. मी पोराला म्हटलं परत घे. परत तेच. मग १०० एमएमच्या अंतराने खालून वर चढत गेलो तर साधारण ०.९ मीटरवर आकडा एकदम बदलतो. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली, कागद घेतला: पहिल्या गाडीत ६ घनमीटर, नऊ कॉलमला ५.७७ गेलं, उरलं ०.२३. त्यातून बारा क्यूबपैकी पहिल्या गाडीचे सहा वजा, ते ०.०२. उरलेलं ०.२१ भागिले कॉलमचा एरिया ०.२२५ म्हणजे ०.९३ मीटर. म्हणजे दहाव्या कॉलममध्ये पहिली गाडी जिथे संपली ती रेघ आम्ही बाहेरून, काँक्रीट न फोडता, शोधून काढली होती. फोटोंचा क्रम पण तेच सांगत होता, सी ७ दहावा. वीस वर्षांच्या कामात एवढं स्वच्छ जुळलेलं गणित फार वेळा नाही बघितलं, त्या दिवशी घरी जाताना मी जिलेबी घेऊन गेलो.

आता कोअर. पाच संशयित कॉलममधून प्रत्येकी एक, सी ७ मधला अर्थातच वरच्या भागातून, आणि चांगल्या नऊपैकी तीन. आठ.

कुठे मारायचा हे ठरवण्यात ड्रिलपेक्षा जास्त वेळ जातो आणि गेला पाहिजे. कॉलम भरला की जड खडी खाली बसते, पाणी वर येतं, त्यामुळे वरचे ३०० एमएम हे नेहमीच बाकीच्यापेक्षा कमजोर. पहिल्या फेरीतला बीमखालचा कोअर तिथलाच होता. यावर कॉन्ट्रॅक्टरच्या इंजिनिअरने उलटा प्रश्न केला आणि प्रश्न चांगला होता: "सर, पण लोड तर वरच्या भागातून पण जातोच ना, मग तो कमजोर भाग सोडून कसं चालेल?" चालतं, कारण असा उतार प्रत्येक कॉलममध्ये असतो, चांगल्यातल्या चांगल्या काँक्रीटमध्ये पण असतो, आणि कोडाचे सेफ्टी फॅक्टर ते धरूनच बांधलेत. कोअरला आपल्याला विचारायचंय की गाडीतून काय माल आला, वरच्या टोकाला काय साचलं ते नाही. सगळे कोअर मी दीड मीटरच्या आसपासच्या उंचीवर ठेवले, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना तरी करता येईल.

मग कव्हर मीटरने सळ्या आणि रिंगा शोधून खडूने कॉलमवर जाळी काढली. रिंगा ड्रॉइंगप्रमाणे १५० वर पाहिजेत, निघाल्या १२० पासून १८० पर्यंत, फिटरच्या मनाप्रमाणे. कोअर ७५ च्या बिटचा, २० एमएम खडी असली की व्यास खडीच्या किमान तिप्पट लागतो म्हणजे ६०, तर ७५ बसतं. मला १०० आवडला असता पण दोन रिंगांच्या मधे १०० चा बिट घालणं म्हणजे सुईत दोरखंड. ७५० च्या बाजूने आत १७० एमएम जायचं. त्या पातळीवर कॉलमचा जेवढा भाग जातो तो ७५ गुणिले १७०, एकूण एरियाच्या साधारण पावणेसहा टक्के, आणि वर पूर्ण बिल्डिंगचं वजन अजून आलेलं नाही, तरी शटरिंगच्या टेकू हलवू दिल्या नाहीत आणि शेजारशेजारच्या दोन कॉलमला एकाच दिवशी हात लावला नाही. जास्तच काळजी आहे, मान्य.

या वेळी दुसरा ऑपरेटर, स्वतःची हिल्टीची मशीन घेऊन आलेला, स्टँड अँकरने घट्ट आवळला, लेव्हल लावली, पाणी चालू. चांगला ऑपरेटर काँक्रीट कानाने कापतो. पाण्यासोबत जो करडा चिखल बाहेर येतो त्याच्यावर त्याची नजर असते, सळई लागली की चिखल काळपट होतो आणि मशीनचा सूर बदलतो. सी १२ ला तसं झालं, ३० एमएम आत गेल्यावर त्याने स्वतःच मशीन बंद केलं, "साहब, रिंग है," आणि आम्ही भोक ४० एमएम वर सरकवलं. पहिल्या फेरीतल्या माणसाने तिथे जोर लावला असता.

कोअर निघाला की लगेच त्यावर परमनंट मार्करने कॉलम नंबर, वरची दिशा दाखवणारा बाण, आणि तिघांच्या प्रतिनिधींच्या सह्या. हसू नका. लॅबच्या दारात कोअर बदलल्याच्या गोष्टी आपल्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, आणि ओल्या काँक्रीटवर सही करताना माणूस जरा गंभीर होतो.

लोड लावायच्या आधी कोअर नुसता धुवून बघा, अर्धा रिपोर्ट तिथेच असतो. चांगल्या तीन कोअरमध्ये खडी सगळीकडे सारखी पसरलेली, रंग गडद. पाच संशयितांमध्ये रंग फिका आणि प्रत्येक मोठ्या खडीच्या खालच्या बाजूला बारीक चंद्रकोरीसारखी पोकळी. वरच्या बाजूला नाही, फक्त खाली, बाणामुळे दिशा कळत होती. वर येणारं पाणी खडीच्या पोटाखाली अडकून बसतं, पुढे ते सुकतं आणि जागा रिकामी राहते. हनीकोंब (खडीमधे मसाला न पोचल्याने राहिलेली पोकळी) नव्हता, म्हणजे व्हायब्रेटर मारला होता, भरणाऱ्यांनी काम नीट केलं होतं. जास्तीच्या पाण्याची याच्यापेक्षा बोलकी सही मला माहीत नाही. प्लांटचा माणूस कोअर हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "हे आमच्या गाडीतून निघालेलं नाही." मी म्हटलं गाडीतूनच निघालं, प्लांटमधून निघालेलं नाही.

लॅबमध्ये दोन्ही टोकं ग्राइंड केली, ४८ तास पाण्यात ठेवले, मग मशीनवर. एका कोअरचं गणित पूर्ण दाखवतो, सी ८: व्यास ७४, लांबी १४०, तुटला ८९.१ किलोन्यूटनवर. एरिया ४३०१, म्हणजे २०.७. लांबी आणि व्यासाचा रेशो १.८९, कोडातलं करेक्शन म्हणजे ०.११ गुणिले रेशो अधिक ०.७८, येतं ०.९८८, त्याने गुणून २०.५. सिलेंडरचा क्यूब करायला सव्वापट, २५.६. (१०० पेक्षा लहान व्यासाच्या कोअरला अजून एक छोटा गुणक लावायची सोय आहे, तो आकडा जरा वर नेतो, मी तो धरला नाही.) बाकीचे असे आले, चांगले तीन: ३१.८, २९.९, ३३.१. संशयित पाच: सी ३ ला २४.१, सी ४ ला २३.०, सी ७ ला २४.६, सी ८ ला २५.६, सी १२ ला २२.८.

आणि इथे खरी मीटिंग सुरू झाली.

कॉन्ट्रॅक्टर स्वतः हुशार माणूस, कोड वाचून आलेला. म्हणाला, "साहेब, आठही कोअर एकाच दिवशीच्या एकाच ग्रेडच्या काँक्रीटचे. आठांची सरासरी काढा." काढली. २६.९. पंचवीस पूर्णांक पाचच्या वर. सगळ्यात कमी कोअर २२.८, साडेबावीसच्या वर. म्हणजे कोडातल्या दोन्ही अटी पूर्ण, चौदाही कॉलम पास, उद्यापासून काम चालू. खोलीत एकदम सुटकेची हवा पसरली, बिल्डरने चहा सांगितला सुद्धा.

मी नाही म्हटलं. गणित चुकीचं नव्हतं, टोपली चुकीची होती. कोड म्हणतो कोअर ज्या काँक्रीटचं प्रतिनिधित्व करतो त्या काँक्रीटची सरासरी. आपल्याकडे फोटो, चलान, क्यूब, अल्ट्रासॉनिक आणि कोअरचा रंग अशी पाच साक्षीदार माणसं सांगतायत की ही दोन वेगळी काँक्रीटं आहेत. चांगल्या गाडीचे तीन घालून खराब गाडीची सरासरी वर ओढायची, तर मग तीनच्या जागी सहा घाला ना, अजून छान येईल! कॉलम काही एकमेकांकडून ताकद उसनी घेत नाहीत. वेगळं केलं की चित्र सरळ: पहिल्या गाडीची सरासरी ३१.६, प्रश्नच नाही. दुसरीची २४.०, म्हणजे ८० टक्के, नापास. खरं तर पहिल्या फेरीत तीनच कोअर होते आणि ते कुठल्या गाडीचे ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते पास झाले असते तरी निरुपयोगीच होते.

दुसरा मुद्दा आला वयाचा. "अजून वाढेल की साहेब, सहा महिन्यांनी परत बघू." कोअर घेतले तेव्हा काँक्रीट सत्तर दिवसांचं होतं, वाढायचं ते बऱ्यापैकी वाढून झालेलं. १९७८ च्या कोडात वयासाठी वेगळा गुणक धरायची सोय होती, २००० च्या कोडाने ती सरसकट सोय काढून टाकली, २८ दिवसांच्या ताकदीवर डिझाइन करा म्हणाले. त्यावर वाद थांबला, म्हणजे थांबला असं नाही, पण पुढे सरकला.

नापास म्हणजे तोडा असं मात्र नाही, आणि हे बिल्डरला सांगायला वेगळा अर्धा तास गेला. स्लॅब किंवा बीम असता तर लोड टेस्ट करून बघता आली असती, वर पाण्याच्या टाक्या नाहीतर वाळूच्या गोण्या रचून. कॉलमवर तसं करता येत नाही, कोडच म्हणतो की असे मेंबर गणिताने तपासा. तर त्या पाच कॉलमसाठी मी ग्रेड एम २० धरला. काही कन्सल्टंट कोअरच्या आकड्याला ०.८५ ने भागून परत वर नेतात, २४ चे २८ करतात, त्यामागे तर्क आहे, मी त्यांना चूक म्हणणार नाही, पण पाणी किती पडलं हेच जिथे माहीत नाही तिथे मला २८ लिहायचा धीर झाला नाही.

एका कॉलममध्ये १६ एमएमच्या १० सळ्या, फे ५०० दर्जाचं स्टील. नुसत्या उभ्या लोडसाठी कोडातलं सूत्र लावलं तर एम ३० ला क्षमता ३३४९ किलोन्यूटन, एम २० ला २४५७. स्टील तेच राहिलं म्हणून ताकद एक तृतीयांश ऐवजी २७ टक्के उतरली. आता पाचांवर पूर्ण बिल्डिंग झाल्यावर येणारा फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला) लोड: सी १२ वर १३८०, सी ३ वर १६२०, सी ८ वर १७५०, सी ७ वर २१९०, सी ४ वर २३१०. पाचही २४५७ च्या आत दिसतात, पण कॉलम नुसतं वजन उचलत नाही, भूकंपाचे दोन्ही दिशांचे मोमेंट (वाकवणारे जोर) पण घेतो. ते घालून तपासलं तर सी १२, सी ३ आणि सी ८ बसले. सी ४ आणि सी ७ बाहेर गेले.

बघा म्हणजे, सगळ्यात कमी कोअर सी १२ चा, २२.८, त्याला काहीच करावं लागलं नाही कारण तो कोपऱ्यातला, त्याच्यावर वजनच कमी. आणि सी ७ चा कोअर २४.६, पाचांत दुसऱ्या नंबरचा चांगला, त्याला दुरुस्ती. बिल्डर दोन वेळा विचारत होता, "कमी आलेला सोडून जास्त आलेला का धरताय?" यादी बघून त्याला वाटत होतं माझीच कुठेतरी अदलाबदल झालीय.

दोघांना आरसीसी जॅकेट दिलं, म्हणजे जुन्या कॉलमभोवती सळ्या आणि नव्या काँक्रीटचा थर. चारही बाजूंनी १०० एमएम, जुन्या कॉलमचा पृष्ठभाग टाचून खडबडीत केला, नवीन सळ्या फुटिंगपासून उचलल्या आणि वरच्या स्लॅबमधून भोकं पाडून पहिल्या मजल्यावर नेल्या, नाहीतर जॅकेट नुसतं कोट घातल्यासारखं राहतं, वजन घेतच नाही. सी ७ चा खालचा ०.९ मीटर चांगला होता म्हणून कॉन्ट्रॅक्टरने विचारलं की तेवढं वाचवू का, वरूनच जॅकेट करू. म्हटलं दादा, स्वेटर छातीपासून वर नाही घालत. बाकी तीन कॉलम ताकदीला पास झाले तरी पाणी जास्त म्हणजे काँक्रीट जास्त सच्छिद्र, पुढे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचं सळईला गंजापासूनचं संरक्षण जाणं) लवकर सळईपर्यंत पोचणार, म्हणून त्यांना अँटीकार्बोनेशन कोटिंग करायला लावलं आणि मेंटेनन्सच्या फाइलमध्ये त्यांचे नंबर लिहून ठेवले.

कोअरची आठ भोकं त्याच त्याच दिवशी धुवून, आतून ओली ठेवून, नॉन श्रिंक ग्राउटने ठासून भरली. पहिल्या फेरीतली तीन भोकं मात्र मला आठवडाभराने कळलं की नुसत्या वाळू सिमेंटच्या मसाल्याने तोंडाशी लिंपलेली, आत पोकळ. टकटक केल्यावर ढोल वाजला. ती उघडून परत भरली. हे काम कोणाच्याच बिलात नसतं म्हणून कोणीच करत नाही.

खर्चाचं भांडण माझ्यासमोर झालं नाही, नंतर ऐकलं की कॉन्ट्रॅक्टर आणि प्लांटने वाटून घेतला, कारण पाणी कोणाच्या माणसाने मारलं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. चलानवर "साइटवर टाकलेलं पाणी" असा एक रकाना असतो. तो कोरा होता.

आर्किटेक्ट मात्र माझ्यावर अजून नाराज आहे. सी ४ आता ५०० बाय ९५० झालाय, शेजारची अडीच मीटरची पार्किंगची जागा २.४ झाली, ती मंजूर नकाशात कारची म्हणून बसेना, शेवटी तिथे दुचाकींची मार्किंग मारली. बिल्डरच्या हिशोबात अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान तेच, एक विकलेलं कार पार्किंग. परवा तिकडून जाताना आत डोकावलो, सी ४ ला टेकून तीन स्कूटर उभ्या होत्या आणि जॅकेटच्या कडेला कोणीतरी पिवळी काळी पट्टी मारली होती, आरसा घासू नये म्हणून.